भूल देतेवेळी हृदयाभिसरण प्रतिसादाचे ओपिऑइडद्वारे नियंत्रण

भूल देतेवेळी हृदयाभिसरण प्रतिसादाचे ओपिऑइडद्वारे नियंत्रण ही भूलशास्त्रातील एक नित्याची उपाययोजना आहे. संपूर्ण भूल देताना रुग्ण बेशुद्ध झाल्यावर लॅरिंगोस्कोप म्हणजेच स्वरयंत्रदर्शक तोंडात घालून श्वासनलिकेत नळी बसवली जाते. या कृतीमुळे काही सेकंदांतच रक्तदाब व हृदयगती वाढते. ही वाढ रोखण्यासाठी किंवा सौम्य करण्यासाठी नळी घालण्यापूर्वी फेंटॅनिल, आल्फेंटॅनिल, रेमिफेंटॅनिल यांसारखी ओपिऑइड, म्हणजेच अफूवर्गीय वेदनाशामके, शिरेवाटे दिली जातात. निरोगी व्यक्तीला ही तात्पुरती वाढ सहसा बाधत नाही. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगवटा असणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र ती प्राणघातक ठरू शकते. दुसरीकडे, हेच औषध गरजेपेक्षा अधिक किंवा अवेळी दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. त्यामुळे या उपाययोजनेत औषधाच्या निवडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व औषध देण्याच्या वेळेला आहे.

प्रतिसादाचे स्वरूप

जिभेचे मूळ, घसा, स्वरयंत्र आणि श्वासनलिकेचा वरचा भाग हे शरीरातील अत्यंत संवेदनशील भाग आहेत. श्वासमार्गात परकी वस्तू शिरू नये यासाठी तेथे चेतातंतूंचे दाट जाळे असते. स्वरयंत्रदर्शकाच्या पात्याने जिभेचे मूळ उचलले जाते तेव्हा तेथील उती ताणल्या जातात. ही संवेदना ग्लोसोफॅरिंजियल व व्हेगस या नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क चेतांमधून लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात, पोहोचते. तेथून अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते. चेतांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन आणि अधिवृक्क ग्रंथींमधून अॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते. परिणामी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदय जलद व जोराने धडधडू लागते. ही प्रतिक्षिप्त क्रिया असल्याने तिच्यासाठी रुग्ण शुद्धीवर असण्याची आवश्यकता नसते. रुग्ण गाढ झोपला आहे, त्याला काहीही कळत नाही, तरीही त्याचे हृदय या आघाताला उत्तर देत असते.

हलक्या भुलेत रक्तदाब सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी आणि हृदयगती सुमारे २० टक्क्यांनी वाढते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वाढ पात्याच्या स्पर्शानंतर काही सेकंदांतच सुरू होते, एक ते दोन मिनिटांत शिखर गाठते आणि साधारणतः पाच ते दहा मिनिटांत ओसरते. लहान बालकांमध्ये, विशेषतः तान्ह्या मुलांमध्ये, याच उद्दीपनाने व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून हृदयगती उलट मंदावू शकते.

श्वसनमार्गाच्या उद्दीपनाचा हृदयावर होणारा प्रतिक्षिप्त परिणाम रीड आणि ब्रेस यांनी १९४० मध्ये वर्णन केला. भुलेखाली स्वरयंत्रदर्शनाने होणाऱ्या रक्ताभिसरणातील बदलांचे पद्धतशीर वर्णन किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९८७ मध्ये श्रिबमन, स्मिथ व अकोला यांनी स्वरयंत्रदर्शन आणि नळी घालणे या दोन पायऱ्या वेगळ्या करून पाहिल्या. रक्तदाब आणि रक्तातील कॅटेकोलामाइनांची पातळी केवळ स्वरयंत्रदर्शनानेही वाढते, हृदयगती मात्र प्रामुख्याने नळी श्वासनलिकेत गेल्यावर वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे घाव घालणारी मुख्य गोष्ट नळी नसून जीभ उचलणारे पाते आहे. पाते जितका वेळ तोंडात राहील तितका प्रतिसाद वाढत जातो. स्टोएल्टिंग यांच्या १९७७ मधील अभ्यासानंतर स्वरयंत्रदर्शन शक्यतो १५ सेकंदांच्या आत उरकावे, हा संकेत रूढ झाला. कुशल हातांनी केलेले झटपट स्वरयंत्रदर्शन हेदेखील प्रतिसाद कमी करण्याचे एक साधन आहे आणि त्याला कोणताही दुष्परिणाम नाही.

धोका कोणाला

हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या स्नायूंना रक्तपुरवठा मुख्यतः हृदय शिथिल असताना, म्हणजे प्रसरणकालात, होतो. हृदयगती वाढली की प्रत्येक ठोक्याचा अवधी घटतो आणि त्यात आकुंचनकालापेक्षा प्रसरणकालाची काटछाट अधिक होते. अशा रीतीने हृदयाची प्राणवायूची गरज वाढते त्याच क्षणी पुरवठ्याला मिळणारा वेळ कमी होतो. हृदयधमन्या अरुंद झालेल्या रुग्णात या तफावतीमुळे हृदयस्नायूला रक्त अपुरे पडते, ठोक्यांची लय बिघडते आणि क्वचित हृदयविकाराचा झटकाही येतो. या कारणाने हृदयरुग्णात रक्तदाबाच्या वाढीपेक्षा हृदयगतीची वाढ अधिक घातक समजली जाते.

मेंदूतील धमनीला फुगवटा असेल तर भीती वेगळी असते. फुगवट्याच्या भिंतीवरचा ताण हा धमनीतील दाब आणि कवटीतील दाब यांच्या फरकावर अवलंबून असतो. नळी घालताना रक्तदाब एकाएकी उसळला तर आधीच पातळ झालेली भिंत शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच फुटू शकते. महाधमनीची भिंत चिरलेले रुग्ण, कवटीतील दाब वाढलेले रुग्ण, डोळ्याला आरपार जखम झालेले रुग्ण आणि गर्भावस्थेतील पूर्वप्रसूती आक्षेप, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, झालेल्या स्त्रिया यांच्याबाबतही अशीच दक्षता घेतली जाते.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे प्रकरण दुहेरी असते. ऑक्सफर्ड येथील प्रिस-रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, ज्यांच्या रक्तदाबावर उपचार झालेले नाहीत अशा व्यक्तींमध्ये भूल देताच दाब अधिक घसरतो आणि नळी घालताना तो अधिक उसळतो. काही मिनिटांच्या अंतराने येणारी ही दोन टोके एकाच औषधयोजनेत सांभाळावी लागतात.

ओपिऑइडचे कार्य

प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोनसारखी निद्राकारक औषधे शुद्ध हरपवतात, पण वेदनेचे संदेश अडवण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते. केवळ त्यांच्या बळावर नळीचा प्रतिसाद दाबायचा तर मात्रा इतकी वाढवावी लागते की रक्तदाब कोसळतो. ओपिऑइड नेमके उलट वागतात. त्यांच्यामुळे निद्रा हमखास येत नाही. मात्र आघाताचा संदेश मेंदूच्या देठातच क्षीण होतो.

ही औषधे मज्जारज्जू व मेंदूतील म्यू ग्राहींना चिकटतात. त्यामुळे चेतापेशींतील पोटॅशियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियमचे मार्ग बंद होतात आणि पेशींचे उद्दीपन व त्यांच्यातील संदेशवहन मंदावते. घशातून येणाऱ्या संवेदना ज्या केंद्रात प्रथम उतरतात त्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसमध्ये, तसेच व्हेगस चेतेच्या उगमकेंद्रांमध्ये, हे ग्राही मोठ्या संख्येने असतात. म्हणून एकीकडे अनुकंपी चेतासंस्थेचा जोर घटतो आणि दुसरीकडे व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून हृदयगती कमी होते. फेंटॅनिल गटातील औषधांचा हृदयस्नायूच्या आकुंचनशक्तीवर नेहमीच्या मात्रेत फारसा थेट परिणाम होत नाही. दुर्बल हृदयाच्या रुग्णांना ती विशेष मानवतात याचे कारण हेच.

निद्राकारक आणि ओपिऑइड एकमेकांचे बळ वाढवतात. १९९८ मधील एका अभ्यासात, त्वचेवर छेद घेताना होणारा अनुकंपी प्रतिसाद रोखण्यास लागणारे डेस्फ्लुरेन या श्वसनवाटे द्यावयाच्या भूलद्रव्याचे प्रमाण, प्रतिकिलो केवळ १.५ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल दिल्यावर एक तृतीयांशाच्या आसपास आले. मात्रा दुप्पट केल्यावर मात्र त्यात आणखी घट झाली नाही. थोड्या ओपिऑइडने पुष्कळ साधते, फार दिल्याने त्या प्रमाणात अधिक साधत नाही, हा अनुभव नळी घालतानाही येतो.

इतिहास

मॉर्फीन हे अफूतील द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधनिर्माता फ्रीडरिख झेर्ट्युर्नर याने वेगळे केले. भूल देण्यापूर्वीचे शामक म्हणून ते दीर्घकाळ वापरात होते. नळी घालतानाचा प्रतिसाद रोखण्यास मात्र ते सोयीचे नाही. शिरेवाटे दिल्यावरही त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास १५ ते २० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि हिस्टामाइन मोकळे झाल्याने रक्तदाब उतरू शकतो.

१९५९ मध्ये बेल्जियममधील डी कास्त्रो व मुंडेलीर यांनी प्रबळ वेदनाशामक आणि मनःशामक यांची जोडी वापरणारी न्यूरोलेप्टअॅनाल्जेसिया ही पद्धत मांडली. त्याच सुमारास बेल्जियममध्येच पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत फेंटॅनिल तयार झाले. त्याचे सामर्थ्य मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट असून मेदात सहज विरघळत असल्याने ते मेंदूत लवकर पोहोचते. सुफेंटॅनिल व आल्फेंटॅनिल हीदेखील १९७०च्या दशकातील यान्सेन यांच्याच प्रयोगशाळेची निर्मिती होय.

ओपिऑइड आणि हृदयाचे स्थैर्य यांचा संबंध ठळक झाला तो हृदयशस्त्रक्रियेत. १९६९ मध्ये बोस्टन येथील एडवर्ड लोवेनस्टाइन व सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना प्रतिकिलो ०.५ ते ३ मिलिग्रॅम इतके मॉर्फीन देऊनही रक्ताभिसरण स्थिर राहते, असे वृत्त प्रसिद्ध केले. नित्याच्या वेदनाशामक मात्रेच्या कित्येक पट असलेली ही मात्रा त्या काळी धाडसाची वाटावी अशीच होती. १९७८ मध्ये स्टॅनली व वेब्स्टर यांनी मिट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी केवळ फेंटॅनिल व प्राणवायूवर आधारलेली भूल वर्णन केली. या पद्धतींमुळे हृदय स्थिर राही, परंतु काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या मध्येच जाग येत असे आणि नंतर दीर्घकाळ कृत्रिम श्वसनावर राहावे लागे. पुढे १९९०च्या दशकात रुग्णाला लवकर नळीमुक्त करण्याकडे कल वाढला, तेव्हा एवढ्या मोठ्या मात्रा मागे पडल्या. रेमिफेंटॅनिलला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

औषधे आणि वेळेचे गणित

नळी घालण्याचा आघात अल्पकाळ टिकणारा आणि नेमक्या क्षणी येणारा असतो. औषधाच्या परिणामाचे शिखर त्या क्षणाशी जुळले पाहिजे. औषध रक्तात मिसळणे आणि मेंदूतील ग्राहींवर त्याचा परिणाम होणे यांत अंतर असते आणि हे अंतर प्रत्येक औषधाचे निराळे असते.

फेंटॅनिलचे शिखर शिरेवाटे दिल्यानंतर सुमारे चार मिनिटांनी येते. नेहमीची मात्रा प्रतिकिलो २ ते ५ मायक्रोग्रॅम असून ती नळी घालण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे आधी दिली जाते. काउट्टो यांच्या १९८२ मधील अभ्यासात प्रतिकिलो २ मायक्रोग्रॅमने प्रतिसाद लक्षणीय सौम्य झाला आणि ६ मायक्रोग्रॅमने तो जवळपास नाहीसा झाला. उदाहरणादाखल, ६० किलो वजनाच्या रुग्णाला प्रतिकिलो २ मायक्रोग्रॅमप्रमाणे १२० मायक्रोग्रॅम लागतात. मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम असलेल्या द्रावणाचे हे २.४ मिलिलिटर होतात.

प्रत्यक्षात अनेकदा फेंटॅनिल दिल्यावर लगेच प्रोपोफॉल, पाठोपाठ स्नायुशिथिलक आणि दीड-दोन मिनिटांत नळी, असा क्रम उरकला जातो. अशा वेळी पात्याचा आघात होताना फेंटॅनिलचा परिणाम अपुरा असतो आणि रक्तदाब उसळतो. नळी बसल्यानंतर शस्त्रक्रियेची जागा स्वच्छ करणे, कापडे अंथरणे यांत कोणताही आघात नसलेली काही मिनिटे जातात. नेमक्या त्याच वेळी फेंटॅनिल शिखरावर पोहोचते, प्रोपोफॉलचाही प्रभाव असतो आणि रक्तदाब घसरतो. मात्रा तीच, औषध तेच. केवळ दोन मिनिटांच्या फरकाने आधी उसळी आणि मग घसरण असे दोन्ही तोटे पदरात पडतात. हे टाळण्यासाठी रुग्णाला मुखवट्याने प्राणवायू देण्यास आरंभ होताच फेंटॅनिल सावकाश देण्याची पद्धत सोयीची ठरते. व्हेक्युरोनियमसारख्या शिथिलकाला परिणामासाठी सुमारे तीन मिनिटे लागतात, हा अवधीही येथे उपयोगी पडतो. मात्र रुग्ण जागा असतानाच त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून त्याच्याकडे सतत लक्ष ठेवून त्याला दीर्घ श्वास घेण्यास सांगावे लागते.

आल्फेंटॅनिलचे शिखर सुमारे दीड मिनिटात येते. शरीराच्या सामान्य आम्लतेला त्याचे बहुतांश रेणू विद्युत्‌भाररहित असतात आणि ते मेंदूत झपाट्याने शिरतात. सामर्थ्याने ते फेंटॅनिलहून कमी असल्यामुळे मात्रा प्रतिकिलो १० ते ३० मायक्रोग्रॅम लागते. पोट भरलेल्या रुग्णाला तातडीने भूल देताना सक्सिनिलकोलीनने मिनिटभरात नळी घालायची असते. अशा घाईच्या क्रमात फेंटॅनिलपेक्षा ते अधिक जुळते.

रेमिफेंटॅनिल हे या गटातील सर्वांत अल्पजीवी औषध आहे. प्रतिकिलो ०.५ ते १ मायक्रोग्रॅम मात्रा अर्ध्या ते एक मिनिटात दिली जाते आणि शिखरही दीड मिनिटाच्या आतबाहेर येते. रक्तातील व उतींमधील एस्टरेज विकरे त्याचे विघटन करतात. त्यामुळे यकृत किंवा मूत्रपिंड निकामी असले तरी त्याचा प्रभाव लांबत नाही. कितीही वेळ सलग दिले तरी बंद केल्यावर तीन ते चार मिनिटांत रक्तातील पातळी निम्म्यावर येते. आघाताइतकेच अल्पायुषी असलेले हे औषध या कामासाठी जवळजवळ आदर्श म्हणता येईल. अडचण इतकीच की हृदयगती मंदावण्याचे आणि रक्तदाब घसरण्याचे प्रमाणही त्याच्यात लक्षणीय आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी वेगळी तरतूदही करावी लागते, कारण वेदनाशमन औषधाबरोबरच संपते.

वृद्ध, रक्तस्राव झालेले किंवा शरीरातील द्रव कमी झालेले रुग्ण यांना सर्वच ओपिऑइडच्या मात्रा कमी लागतात. अशा रुग्णांचा रक्तदाब बहुधा अनुकंपी चेतासंस्थेच्या जोरावर टिकून असतो. तो आधारच औषधाने काढून घेतला जातो. प्रीएक्लॅम्प्सियामध्ये सिझेरियनसाठी संपूर्ण भूल देताना आईचा रक्तदाब आवरण्यासाठी आल्फेंटॅनिल किंवा रेमिफेंटॅनिल दिले जाते. ही औषधे नाळेतून बाळापर्यंत पोहोचत असल्याने जन्मतःच बाळाच्या श्वसनाची काळजी घेणारे बालरोगतज्ज्ञ तेथे उपस्थित असावे लागतात.

दुष्परिणाम

श्वसन मंदावणे हा सर्व ओपिऑइडचा अटळ परिणाम आहे. कृत्रिम श्वसनाची साधने व ती हाताळणारी प्रशिक्षित व्यक्ती जवळ नसताना ही औषधे शिरेवाटे देणे जीवघेणे ठरते. मोठी मात्रा वेगाने दिल्यास छातीचे व घशाचे स्नायू ताठ होऊन मुखवट्याने श्वास देणेही अशक्य होऊ शकते. स्नायुशिथिलक दिल्याने हा ताठरपणा सुटतो. हृदयगती फार मंदावल्यास अॅट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट, तर रक्तदाब घसरल्यास शिरेवाटे द्रव आणि एफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन दिले जाते. फेंटॅनिलचा झोत शिरेत वेगाने गेल्यावर काहींना खोकल्याची उबळ येते. एरवी ती निरुपद्रवी असते, पण मेंदूतील फुगवट्याच्या रुग्णात तीदेखील टाळावी लागते. मळमळ, उलटी आणि कंड हे नंतरचे त्रास होत. नॅलोक्सोन हा या औषधांचा उतारा आहे. तो एकदम दिल्यास वेदना परतून रक्तदाब पुन्हा उसळतो.

इतर उपाय

लिडोकेन प्रतिकिलो १.५ मिलिग्रॅम शिरेवाटे दिल्याने काही प्रमाणात उपयोग होतो, तरी त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एस्मोलॉल हृदयगतीला प्रभावीपणे आवरते. नायट्रोग्लिसरीन रक्तदाब उतरवते, पण हृदयगती वाढवू शकते. क्लोनिडीन, डेक्समेडेटोमिडीन आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचाही वापर होतो. ही औषधे प्रतिसादाच्या शेवटच्या टप्प्यांवर किंवा वेगळ्या मार्गाने काम करतात. संवेदनाच क्षीण करण्याचे काम प्रामुख्याने ओपिऑइडच करतात आणि म्हणून इतर औषधे बहुधा त्यांच्या जोडीने दिली जातात. शस्त्रक्रियेच्या स्वरूपाला चालत असेल तर नळीऐवजी स्वरयंत्रावर बसणारा लॅरिंजियल मास्क वापरला जातो. त्याचा आघात पात्याच्या मानाने बराच सौम्य असतो.

भारतातील स्थिती

भारतात अंमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू झाल्यानंतर परवान्यांची किचकट प्रक्रिया आणि कठोर शिक्षेची भीती यांमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन व तत्सम औषधे ठेवणेच सोडून दिले. २०१४ मधील दुरुस्तीने 'अत्यावश्यक अंमली औषधे' असा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. त्यात मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांचा समावेश झाला. वेगवेगळ्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून संस्थेला मान्यता मिळण्याची सोय झाली. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. औषध कुलूपबंद कपाटात ठेवणे आणि वापरलेल्या मात्रेची नोंदवहीत नोंद करणे हा शस्त्रक्रियागृहाच्या दैनंदिन कामाचा भाग असतो.

फेंटॅनिल उपलब्ध नसते तेथे पेंटाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल, नाल्बुफीन किंवा ट्रामाडॉल वापरण्याची प्रथा पडली. ही औषधे वेदनाशामक असली तरी या कामात परस्परांना पर्यायी नाहीत. पेंटाझोसिन स्वतःच रक्तदाब व हृदयगती वाढवते, त्यामुळे हृदयधमनीविकाराच्या रुग्णात त्याचा वापर टाळला जातो. नाल्बुफीन प्रतिकिलो ०.२ मिलिग्रॅम मात्रेत प्रतिसाद सौम्य करते आणि त्याने श्वसन मंदावण्यास एक मर्यादा असते. मात्र ते म्यू ग्राहींवर विरोधी काम करत असल्याने त्यानंतर फेंटॅनिल देण्याची वेळ आली तर फेंटॅनिलचा परिणाम कमी होतो.